पाणी कुठं एका जाग्याला ऱ्हातंय : काठावरचं आलिशान हॉटेल आखतात तरी कसं

मे महिन्यात बामणोलीला लाँच पकडायची तर आधी डोंगर उतरावा लागतो. ऑगस्टमध्ये जिथे बसून पाण्यात पाय सोडता येतात, तिथे मे महिन्यात भेगाळलेली माती असते आणि कुणीतरी घेतलेल्या गाळपेरीची धसकटं. चढउताराची फळी टाकायची जागा लाँचवाले थोड्याथोड्या दिवसांनी खाली सरकवत असतात.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका मे महिन्यात मी पुण्याच्या एका गृहस्थांबरोबर तिथे गेलो होतो. त्यांना शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठी मोठं, महागडं हॉटेल बांधायचं होतं. मी साताऱ्यात घरं आणि हॉटेलं आखतो, म्हणून जागा बघायला मला सोबत घेतलं. पाण्यापासून वीसेक पावलांवरच्या सपाट टेकाडावर उभं राहून ते म्हणाले, "इथे पोहण्याचा तलाव, आणि त्याच्या मागे जेवणाची जागा." आमचे लाँचवाले आप्पा मागेच उभे होते. ते हळूच म्हणाले, "सायेब, पानी कुठं एका जाग्याला ऱ्हातंय? ह्ये टेकाड आगष्टात माझ्या लाँचीच्या खाली आस्तंय."

काठावरच्या हॉटेलांचे फोटो आपण सगळेच बघतो. निळं पाणी, त्याला टेकलेला निळा तलाव, पांढरे पडदे. एका रात्रीचे एवढे पैसे कशाचे घेतात, असं मला नातेवाईक, मित्र, साइटवरचे मिस्त्रीसुद्धा विचारतात. आप्पांच्या त्या एका वाक्यापासून सुरुवात केली तर ते समजावणं सोपं जातं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

आधी पाण्याची सवय ओळखायची

समुद्र, नदी आणि धरणाचा जलाशय, तिन्हीकडे 'काठ' म्हणजे वेगळी गोष्ट असते.

समुद्राची पातळी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार मीटरच्या वर जातं. पण हे सगळं वेळापत्रकाने होतं. पुढच्या वर्षीची भरती आजच छापता येते. तिथे खरी धास्ती लाटेची आणि खाऱ्या हवेची. दुबईचं बुर्ज अल अरब १९९९ साली सुरू झालं ते किनाऱ्यापासून २८० मीटर आत, खास तयार केलेल्या बेटावर. त्या बेटाभोवती पोकळ, भोकांचे काँक्रीटचे ठोकळे रचलेले आहेत. लाट भिंतीवर आपटून उसळण्याऐवजी त्या भोकांत शिरते, आतल्या आत फिरते आणि तिचा जोर तिथेच मरतो. आपल्याकडे किनाऱ्यावर कायद्याची रेषाही आहे. भरतीच्या कमाल रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा किनारा नियमन क्षेत्रात येतो आणि तिथे काय बांधायचं, काय नाही, याचे नियम ठरलेले आहेत.

नदीला वेळापत्रक नसतं. सांगलीत पावसाळ्यात लोक भेटले की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना नदीकाठचं हॉटेल म्हटल्यावर आधी काय आठवत असेल ते सांगायला नको. म्हणून नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा भाग निषिद्ध. निळी ते लाल हा नियंत्रित, म्हणजे अटी पाळून बांधता येतं. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ आज आला की पुढची नव्व्याण्णव वर्षं सुटका, असा मात्र नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. सलग दोन वर्षंही असा पूर येऊ शकतो.

अशा ठिकाणी शहाणा आराखडा तळमजला मोकळा ठेवतो. खाली फक्त खांब, वर लोक. जनरेटर, विजेचं मुख्य पॅनेल, लिफ्टचं यंत्र यातलं काहीही तळघरात ठेवायचं नाही. पुराने खोल्या भिजल्या तर रंग देऊन महिन्याभरात पुन्हा उभ्या राहतात. पॅनेल बुडालं तर सगळं हॉटेल बंद.

पाण्याशी कसं वागायचं हे आपल्या जुन्या गवंड्यांना चांगलं कळत होतं. वाईचा ढोल्या गणपती बघा. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं ते देऊळ थेट कृष्णेच्या घाटावर आहे. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी त्या टोकावर येऊन दोन्ही बाजूंना फाटतं, भिंतीवर सपाट आदळत नाही. मी दर पावसाळ्यात एकदा तरी तिथे जाऊन ते पाणी फाटताना बघतो. साताऱ्यात शिकाऊ मुलं माझ्याकडे आली की पहिल्या आठवड्यात त्यांना तिथेच नेतो.

आता तिसरा प्रकार, आणि आपल्या सातारा जिल्ह्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. धरणाचा जलाशय. कोयनेचा शिवसागर पूर्ण भरला की १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठतं आणि पातळी साधारण २,१६३ फुटांवर जाते. या पातळीला पूर्ण संचय पातळी म्हणतात. पण हे पाणी साठवलेलंच आहे मुळात वापरायला, वीज आणि शेतीसाठी. दिवाळीनंतर ते उतरत जातं आणि मे अखेरीस कित्येक फूट खाली गेलेलं असतं. आणि डोंगरउतारावर उभ्यातलं एक फूट पाणी उतरलं की आडव्यात काठ पाच फूट, दहा फूट लांब पळतो. उतार जितका सपाट, तितका काठ जास्त पळणार. पुण्याच्या गृहस्थांना सपाट टेकाड आवडलं होतं. जलाशयाच्या काठाला सपाट जागा ही सगळ्यात फसवी.

म्हणून जलाशयाकाठचं हॉटेल आखताना पाण्याच्या आजच्या रेषेकडे बघायचंच नाही. पूर्ण संचय पातळीची रेषा सर्व्हेअरकडून जमिनीवर खुंट्या ठोकून आखून घ्यायची आणि त्या खुंट्यांच्या वर, नियमांनी सांगितलेलं अंतर सोडून, विचार सुरू करायचा. मग प्रश्न उरतो तो उन्हाळ्याचा. नेमकी गर्दी एप्रिल-मे महिन्यांत, आणि पाणी सगळ्यात लांब तेव्हाच. याला उत्तर एकच. जागा उतार तीव्र असलेली निवडायची. तिथे पाणी उतरलं तरी फार लांब जात नाही, आणि खोल्या उंचावर ठेवल्या की मधला उघडा पडलेला मातीचा पट्टा झाडांच्या शेंड्यांआड जातो. उदयपूरच्या पिछोला तलावात जगनिवास नावाचा राजवाडा आहे. महाराणा जगतसिंह दुसरे यांनी तो १७४० च्या दशकात बांधला आणि १९६३ पासून तो हॉटेल आहे. तिथे पाहुणे नावेने जातात, तीच त्याची ओळख. पण अवर्षणात तो तलाव इतका आटला होता की पाहुण्यांना तळाच्या मातीवरून गाडीने न्यावं लागलं. राजवाडा तोच होता, फक्त पाणी निघून गेलं होतं.

नावेचा धक्काही याच हिशेबाने. समुद्रावर किंवा स्थिर पातळीच्या तळ्यात प्लॅस्टिकच्या पोकळ ठोकळ्यांचा तरंगता धक्का करतात. तो पाण्याबरोबर वरखाली होतो आणि काठापासून त्याच्यावर एक बिजागरीची पायवाट टेकलेली असते. भरती-ओहोटीएवढा फरक ती सोसते. शिवसागरात ती पुरणार नाही, उन्हाळ्यात उभी शिडीच होईल. तिथे धक्का साखळ्यांवर नांगरून, पाणी उतरेल तसा खाली ओढत न्यावा लागतो आणि डोंगरावर आधीच पायऱ्यांचे टप्पे बांधून ठेवावे लागतात. आप्पा फळी सरकवतात तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

पलंगावरून पाणी दिसलं पाहिजे

हॉटेलच्या इमारतीचा सर्वांत स्वस्त आकार म्हणजे मधे एक बोळ आणि दोन्ही अंगांना खोल्या. एकच बोळ, एकच पाइपांची रांग, दुप्पट खोल्या. पण मग अर्ध्या खोल्या पाण्याकडे आणि अर्ध्या गाड्यांच्या तळाकडे तोंड करून बसतात. सगळ्यांना पाणी दाखवायचं तर खोल्या एकाच बाजूला घ्याव्या लागतात. इमारतीची लांबी दुप्पट होते. पाइप, वायर, छप्पर, साफसफाई करणाऱ्या बाईचं चालणं, सगळंच वाढतं. भाड्यातला मोठा हिस्सा या एका निर्णयाचा असतो.

एवढं करूनही पलंगावर बसलेल्या माणसाला पाणी दिसेलच असं नाही. बसल्यावर डोळे जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर येतात, आणि सज्जाचा कठडाही सुरक्षिततेसाठी जवळपास तेवढाच उंच लागतो. दिसतं काय, तर कठडा आणि वरचं आभाळ. कठडा काचेचा करतात, पण पावसाळ्यात काचेवर शेवाळाची हिरवी रेघ धरते आणि रोज पुसावी लागते. मला जुनी युक्ती जास्त आवडते. सज्जाची जमीन खोलीपेक्षा दोन पायऱ्या खाली घ्यायची. कठडा तेवढाच उंच राहतो, पण पलंगावरून बघताना फूटभर खाली जातो आणि वरून पाणी दिसतं. शिवाय पावसाचं पाणी खोलीत शिरत नाही.

काचेबद्दल एक गोष्ट फार जण विसरतात. पाण्याकाठी ऊन दोनदा येतं. एकदा आभाळातून आणि एकदा पाण्यावरून परतून. सूर्य खाली आला की पाणी आरशासारखं चमकतं, आणि हे परतलेलं ऊन खालून वर येत असल्यामुळे छपराची पडवी त्याला अडवू शकत नाही. पश्चिमेला तोंड असलेली, खालपासून वरपर्यंत काचेची खोली सूर्यास्ताच्या फोटोत सुंदर दिसते. संध्याकाळी चार ते सहा तिच्यात बसवत नाही. पाहुणा जाड पडदे ओढतो आणि ज्या पाण्यासाठी पैसे मोजले ते पडद्यामागे जातं. यावर उपाय म्हणजे खोलीपुढे खोल सोपा, म्हणजे ओसरी, आपल्या वाड्यांना असायची तशी, आणि तिला सरकणाऱ्या लाकडी जाळ्या. दिवसा पाण्यावरून काठाकडे येणारं वारंही तिथूनच आत घेता येतं.

जिल्ह्याच्या पश्चिमेला पावसाचा विचार वेगळा करावा लागतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, आडवा येतो. पावसाळ्याआधी घरांच्या वाऱ्याकडच्या भिंती गवताने झाकून घ्यायची तिथली जुनी रीत होती, ती उगाच नव्हती. नैर्ऋत्येकडे मोठी काच ठेवली तर चौकटीतून पाणी शिरणारच, कितीही महाग रबर घाला.

आणि भूकंप. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप ज्यांनी अनुभवला त्यांची पिढी अजून आपल्यात आहे. एक लांबलचक इमारत हलते तेव्हा तिची दोन टोकं वेगवेगळी हलतात. म्हणून ती तुकड्यांत बांधून मधे फट ठेवायची आणि मोठ्या काचांना चौकटीत हलायला जागा द्यायची.

काठ नसलेला तलाव

सगळ्यात जास्त प्रश्न याच्याबद्दल येतात. पोहण्याच्या तलावाचं पाणी पुढच्या पाण्यात मिसळल्यासारखं कसं दिसतं? कडा जाते कुठे?

कडा असते. फक्त ती इतर तीन बाजूंपेक्षा किंचित खाली असते, आणि पाणी तिच्यावरून सतत सांडत राहतं. भांडं काठोकाठ भरून वर धार चालू ठेवली तर पाणी कडेवरून ओघळतं आणि कड दिसेनाशी होते, तसंच. सांडलेलं पाणी पलीकडच्या बाजूला, पोहणाऱ्याला दिसणार नाही अशा खालच्या पन्हळीत पडतं. तिथून बॅलन्सिंग टँकमध्ये, तिथून गाळणीतून आणि पंपाने परत तलावात. पंप बंद झाला की दोन मिनिटांत जादू संपते, कोरडी भिंत समोर येते.

या भिंतीचा माथा करणं हे गवंड्याची परीक्षा बघणारं काम आहे. कडेवरून वाहणारा पाण्याचा थर काही मिलिमीटरचाच असतो. वीस मीटर लांबीच्या भिंतीत एक टोक पाच मिलिमीटर खाली राहिलं तर सगळं पाणी तिकडूनच जातं आणि उरलेली कड कोरडी दिसते. एका कामावर आम्ही तीनदा फरशी उखडून पुन्हा बसवली. चौथ्यांदा रात्री, दिवसाच्या उन्हाने ताणलेली सुतळी थंड झाल्यावर, पाण्याच्या नळीने पातळी धरली तेव्हा जमलं. ज्या मिस्त्रींनी ते जमवलं ते पहाटेपर्यंत तिथेच बसून कडेवरून सारखं पडणारं पाणी बघत होते.

बॅलन्सिंग टँक कशाला? सत्तर किलोचा माणूस पाण्यात उतरला की साधारण सत्तर लिटर पाणी बाजूला सारतो. वीस माणसं एकदम उतरली की चौदाशे लिटर कडेवरून जाणार. ते सामावून घ्यायला जागा नसेल तर पाणी वाया जातं, आणि माणसं बाहेर आल्यावर पातळी कडेच्या खाली जाते. शिवाय पाऊस आहेच. वीस मीटर लांब, सहा मीटर रुंद तलावावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि बामणोलीकडे जुलैत तो पडतो, तर १२,००० लिटर नवीन पाणी आलं. क्लोरीनचं ते जादा पाणी जलाशयात सोडायचं नाही, त्याला वेगळी वाट काढून ठेवावी लागते.

तलावाचं वजन हा आणखी एक हिशेब. तेवढ्याच तलावात सव्वा मीटर खोलीला दीडशे टन पाणी होतं. उसाच्या ट्रॅक्टरची दोन ट्रॉल्यांची खेप वीस टनांची धरली तर साडेसात खेपा, त्याही डोंगराच्या कडेवर कायमच्या उभ्या. सिंगापूरच्या मरीना बे सँड्स हॉटेलने हाच खेळ तीन मनोऱ्यांच्या माथ्यावर, ५७ व्या मजल्यावर केला आहे. तिथला तलाव दीडशे मीटरच्या आसपास लांब आहे. उंच मनोरे वाऱ्याने डुलतात, म्हणून तलावाखाली हालचाल सोसणारे सांधे ठेवावे लागले.

दृष्टिभ्रम साधायला अजून दोन गोष्टी लागतात. पोहणाऱ्याचे डोळे पाण्याच्या पातळीजवळ असले पाहिजेत आणि पुढचं पाणी बरोबर त्याच रेषेत यायला पाहिजे. म्हणून तलाव कुठल्या उंचीवर घ्यायचा हे कागदावर ठरत नाही. आम्ही जागेवर बांबूचा मचाण बांधून, त्यावर पालथं झोपून बघतो. रंगही महत्त्वाचा. आकाशी फरशी समुद्रापुढे शोभते. शिवसागराचं पाणी काळपट हिरवं आहे. त्याच्यापुढे आकाशी तलाव परका दिसतो, काळ्या दगडाचा मिसळून जातो.

जलाशयाकाठच्या हॉटेलचा माझा सगळ्यात आवडता दाखला श्रीलंकेतला आहे. दांबुल्लाजवळ कंदलामा नावाचा जुना सिंचन तलाव आहे. त्याच्या काठी जेफ्री बावा या वास्तुरचनाकारांनी १९९४ साली सुरू झालेलं हॉटेल आखलं. समोर पाणी आणि पलीकडे सिगिरियाचा खडक. बावांनी इमारत डोंगर कापून बसवली नाही. कड्याला चिकटून, खांबांवर उचलून, जवळपास किलोमीटरभर लांब नेली. डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी तिच्या खालून निघून जातं. वेली छपरापासून सज्जांवर इतक्या उतरल्या आहेत की पलीकडच्या काठावरून इमारत पटकन ओळखू येत नाही. आणि तलाव खराब होईल या भीतीने तिथल्या भिक्खूंनी आणि गावकऱ्यांनी त्या वेळी मोठा विरोध केला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. विरोध झाला म्हणूनच तिथे सांडपाण्याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागलं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या डोंगरांना खांबांवरची इमारत आणखीनच गरजेची. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या, माणसं गेली. त्यानंतर उतारावर जेसीबी लावून मोठी पायरी कापायचा आराखडा माझ्या हातून निघत नाही. डोंगर कमीत कमी कापायचा आणि इमारतीच्या वरच्या अंगाला चर काढून पाणी आधीच बाजूला वळवायचं.

पाहुण्याला न दिसणारं हॉटेल

खोली, स्पा, तलाव, जेवणघर हे झालं पुढचं हॉटेल. त्याच्या मागे तेवढंच दुसरं हॉटेल असतं. सामान उतरवायची जागा, भाज्या धुवायची खोली, शीतगृह, धुलाईघर, कर्मचाऱ्यांचं जेवणघर, जनरेटर, बॉयलर, पाण्याच्या टाक्या. चांगल्या हॉटेलात एका खोलीमागे दीड-दोन माणसं कामाला असतात, आणि त्यांचे जिने, बोळ वेगळे असतात. पाहुण्याला चहा गरम मिळतो तो त्या मागच्या बोळाची लांबी कमी ठेवल्यामुळे.

चादरींचंच घ्या. एक जोड पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात, असे निदान तीन जोड लागतात. शिवसागराकाठच्या तापोळ्याच्या पावसात काहीच वाळत नाही, तिथे चौथा जोड आणि वाळवायचं यंत्र हवंच. पाहुण्याला हे कधी कळत नाही. त्याला फक्त चादर कोरडी लागते.

खिडकीजवळ ठेवलेलं न्हाणीचं टब हा हल्लीचा आवडता थाट. त्यासाठी तिथली स्लॅब खाली घ्यावी लागते, पाइप फिरवावे लागतात. मला तो फारसा पटत नाही. जिल्ह्याच्या पूर्वेला, माण-खटावमध्ये, टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावलेले मी पाहिले आहेत.

घाण पाणी जातं कुठे

इमारतीच्या नियमांत शहरातल्या घराला माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, पंचतारांकित हॉटेलला ३२० लिटर. शंभर खोल्या, दोनशे पाहुणे म्हटलं तर रोज ६४,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या जवळपास साडेसहा खेपा. बाग, तलाव, कर्मचारी वेगळे. आणि आलेल्या पाण्यातलं बरंचसं घाण होऊन बाहेर पडतं.

शिवसागराचं पाणी दोन वाटांनी जातं. मोठा वाटा डोंगरातल्या बोगद्यांतून पोफळीला जाऊन वीज करतो आणि वाशिष्ठीतून चिपळूणकडे उतरतो. उरलेला कोयना नदीतून कराडला, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतो आणि पुढे सांगलीला जातो. म्हणजे बामणोलीच्या काठावरच्या हॉटेलने जे सोडलं ते दोन्हीकडच्या लोकांच्या घागरीपर्यंत पोचायची वाट मोकळी आहे. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त काळजी इथेच वाटते.

सांडपाणी साफ करायचं यंत्र म्हणजे मुळात जिवाणूंचं घर. टाकीत हवा सोडत राहायची, जिवाणू घाण खातात, वाढतात, खाली बसतात, वर साफ पाणी उरतं. मग गाळणी, मग निर्जंतुक करणं. ऐकायला सोपं आहे. अडचण पर्यटनाच्या जागी येते. शनिवार-रविवारी दोनशे पाहुणे, मंगळवारी वीस. जिवाणूंना शनिवारी पोट फुटेस्तोवर आणि मंगळवारी उपास. ते मरतात, आणि पुढच्या शनिवारी टाकीतून घाण तशीच बाहेर पडते. म्हणून आधी एक मोठी साठवण टाकी लागते, आठवड्याची घाण एकत्र करून रोज सारखी सोडणारी. जागा आणि पैसा वाचवायला सगळ्यात आधी हीच टाकी लहान करतात. स्वयंपाकघराच्या तेलकट पाण्याला वेगळा सापळाही हवा, नाहीतर तूप-तेलाचा थर हवा कोंडतो.

साफ झालेलं पाणीसुद्धा जलाशयात सोडू नये. त्यात नत्र आणि स्फुरद उरतं, ते पाण्यात गेलं की शेवाळ आणि जलपर्णी वाढते. ते संडासाच्या टाक्यांना, बागेला फिरवायचं. त्यासाठी सगळ्या इमारतीत नळांची दुसरी वेगळी रांग आधीच घालावी लागते, नंतर जमत नाही.

याच काठच्या मुनावळ्याला २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झालं, नवीन महाबळेश्वर या गिरिस्थानाची आखणी चालू आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प शेजारीच आहे. या काठावर हॉटेलं येणार, मुलांना पुण्या-मुंबईला न जाता काम मिळणार, ते मिळायला हवंच. अशा ठिकाणी खोली घ्यायची वेळ आली तर मी दोन प्रश्न विचारतो. मे महिन्यात खोलीतून पाणी किती लांब असतं, आणि सांडपाण्याचं यंत्र बघता येईल का. चांगलं हॉटेल दुसऱ्या प्रश्नाला माणूस सोबत देऊन दाखवायला नेतं.

त्या मे महिन्यातल्या दिवशी परत येताना पुण्याचे गृहस्थ गप्प होते. मग त्यांनीच आप्पांना विचारलं, "तुम्ही बांधलं असतं तर कुठे बांधलं असतं?" आप्पांनी लाँचीचा वेग कमी केला आणि उजवीकडच्या डोंगरावर, पाण्याच्या खुणेच्या बऱ्याच वर, एका पिंपळाकडे बोट दाखवलं. "तितं. त्या पिपळाच्या वरल्या अंगाला. मागनं डोंगार हाय, पाऊस आंगावर येत न्हाय. सकाळचं ऊन घरात येतंय. धरण भरलं तवा गाव खाली ऱ्हायलं, आमच्या बानं भिताड घातलं ते तितंच."

गृहस्थांनी वही काढली आणि त्या पिंपळाची खूण लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं चालत तिकडे गेलो.